मागितलं म्हणून

वाएहुतू, अंबोन बेट.
लवंगतोडणी उरकून तिसरा आठवडा.

प्रिय रबिया,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. उद्या मी गेलो तर कोणी असं म्हणायला नको की मास्तर निमूटपणे गेला. नव्या पाद्र्यांनी हुकूम काढलाय की गावोगावच्या शाळामास्तरांनी रविवारी लोकरीचे काळे मोजे घालावेत, गुडघ्यापर्यंत. जिथे दुपारी कुत्रीसुद्धा समुद्रात जाऊन बसतात अशा बेटावर. मला मिळालेली जोडी कुणा वारलेल्या वलंदेज खलाशाची आहे आणि त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच जाड असावा, कारण डावा मोजा प्रार्थना सुरू झाली की घसरायला लागतो आणि आशीर्वादापर्यंत घोट्यावर येऊन बसतो. मी मुखियाकडे दाद मागितली. तो म्हणाला, बांधून घे. कशानं, असं विचारलं तर आभाळात पाऊस आहे का ते बघायला लागला. शेवटी कोर्नेलियानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वेताची बारीक दोरी दिली. ती काचते. दर रविवारी मी उजव्या पायानं ख्रिस्ती असतो आणि डाव्या पायानं हुतात्मा. हे तुला सगळ्यात आधी सांगतोय, कारण पुढचं सांगायची मला घाई नाही.

तुझा निरोप पोचला. तुझ्या दिरानं, हातिबनं, बुरू बेटावरून आणलेली सुक्या मासळीची टोपली खालीसुद्धा न ठेवता अंगणात उभ्या उभ्या तो सांगितला. बसायला तयार नव्हता. तुझे शब्द त्यानं पोरांसारखे पाठ केले होते: “ज्यानं स्वतः पुढे होऊन वलंदेजांना झाडं दाखवली तो माझा भाऊ नव्हे, आणि त्याची मुलगी माझी कोणी लागत नाही.” जैना तेव्हा माझ्यामागे पायरीवर नारळ खवत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. खवणं काही थांबलं नाही. मग म्हणाली, “बुरूचे मासे खारट असतात का हो?” हातिबनं टोपली या हातातून त्या हातात घेतली. हो म्हणाला आणि निघून गेला.

तिच्याबद्दल तुला ठाऊक नसेल ते सांगतो. तुझा भाऊ इद्रिस गेल्याला सात महिने झाले आणि तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. आठ वर्षांची झाली. तुझ्यासारखी उंच होणार. कोर्नेलिया तिला आमच्या प्रार्थना शिकवते, मुद्दाम नाही, सवयीनं. घरात चार मुलं घोकत असतात, पाचवीच्या कानावर पडतंच. परवा कोर्नेलियानं विचारलं, येते का तुला. ती म्हणाली, “पाठ आहे. पण मला लागू नाही.” मी शाळेत वीस वर्षं शिकवतोय, धर्माचं इतकं नेटकं उत्तर कुणी दिलं नव्हतं. पाद्र्यांना मात्र ते आवडणार नाही. गेल्या फेरीला त्यांनी तिला बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की कंपनीच्या मास्तराच्या घरात बाप्तिस्मा न झालेलं मूल राहणं शोभत नाही. पुढच्या पौर्णिमेनंतर ते परत येतील. तोवर तिचा बाप्तिस्मा तरी व्हावा, नाहीतर दुसरी सोय. दुसरी सोय म्हणजे किल्ल्यातल्या कुठल्यातरी वलंदेज बाईचं स्वयंपाकघर. तिथे गेलेल्या मुली बाजाराच्या दिवशी दिसतात. बोलत नाहीत.

आई तर तिची कधीच गेली, म्हणजे आता जगात तिचं रक्ताचं माणूस तू एकटी, आणि तुझं म्हणणं असं की तू नाहीस. तुझ्या म्हणण्यामागे जे कारण आहे ते चुकीचं आहे. खरं कारण माहीत असलेला जिवंत माणूस मी आहे. बाकीचे होते, पण झाडं तोडायच्या मोहिमेतला म्हातारा लोरेन्सो वारला, आणि वल्हवणाऱ्यांपैकी ज्यांना आठवतं त्यांना आठवत नाही.

हे पत्र तू स्वतः वाचत असशील. तुझ्या बापानं मला अरबी अक्षरं शिकवली, म्हणून तर ते शक्य आहे. दोन वर्षं सेराम बेटावर, लुहुसाला गावी तुमच्या ओसरीवर मी काढली, कारण आमच्या मुखियाला वाटायचं गावात एक तरी माणूस दोन्ही लिपी जाणणारा हवा. इद्रिस पहिल्याच दिवशी पाटी ठेवून मासे धरायला पळाला आणि आयुष्यभर परत आला नाही. राहिलो आपण दोघं. तू माझ्यापेक्षा लवकर शिकलीस आणि ते मला दर दिवशी सांगायचीस. हातावर पट्टी मात्र मलाच बसायची; मी पाहुणा नव्हतो ना, शपथेच्या गावचा होतो, म्हणजे घरचाच. आपल्या आजोबांच्या पिढीनं एका वाडग्यातली ताडी, त्यात बोटं कापून रक्त, आणि वर तलवारीचं टोक बुडवून शपथ घेतली तेव्हापासून तुमचं गाव आणि आमचं गाव भाऊ. तुमच्या मशिदीचा आढ्याचा वासा आमच्या लोकांनी डोंगरातून ओढून आणला. आमच्या चर्चचं छप्पर तुमच्या लोकांनी शाकारलं, आणि शाकारताना आमच्या पाद्र्यांच्या चालीची नक्कल करत होते. एकाच्या बागेत दुसऱ्यानं शिरून फळ तोडलं तर चोरी नाही. एकानं मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. आणि दोन गावांत लग्न नाही, कारण भावाबहिणीचं लग्न होत नसतं. ही शेवटची अट कुणी घातली ते मी सतरा वर्षांचा असताना बऱ्याच जणांना विचारलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं. मग तुला बुरूला दिलं आणि विचारायचं कारण उरलं नाही.

आता ती मोहीम. तुम्हाला बुरूला फक्त तोडून पेटवलेल्या झाडांचा धूर दिसला असेल. आमच्याकडे असं झालं की कंपनीनं हुकूम काढला: लवंग फक्त अंबोनला आणि शेजारच्या दोनतीन बेटांवर लावायची; बाकी सगळीकडची झाडं तोडायची, म्हणजे इंग्रजाला किंवा मकास्सरच्या व्यापाऱ्याला कुठे एक कळी मिळायला नको. आमच्या गावाला सांगितलं, घरटी दहा नवी रोपं लावा. त्याच आठवड्यात त्याच गावाला सांगितलं, एक मोठी नाव आणि चाळीस वल्हवणारे द्या, सेरामला जाऊन झाडं तोडायची आहेत. महिनाभर खायचा सागो आपला, वल्ही आपली, कुऱ्हाडीसुद्धा आपल्याच. सोमवारी रोप लावायचं आणि गुरुवारी झाड तोडायला निघायचं, तेव्हा हात एकदम गोंधळतात. एका माणसानं किनाऱ्यावर उतरल्यावर खड्डा खणायला घेतला होता. त्याला सगळे हसले. मीही हसलो. मला मुखियानं नावेत घातलं ते दुभाष्या म्हणून. वल्हवणारे ढोलाच्या तालावर गात होते, आणि गाणी लग्नातली होती, कारण वल्हवायला तीच बरी पडतात.

तीस नावा होत्या. कुठल्या नावेनं कुठलं गाव तोडायचं ते सार्जंटनं ठरवलं. त्याला शपथेबद्दल काही माहीत नव्हतं; माहीत असतं तरी फरक पडला नसता. आमच्या नावेच्या वाट्याला लुहुसाला आलं. लोक किनाऱ्यावर उतरले आणि वाळूत बसले. कुणी उठेना. शपथेच्या गावच्या झाडाला लोखंड लावलं की अंगावर गळवं येतात, हे चर्चमध्ये बसणाऱ्यालाही माहीत असतं. सार्जंट ओरडला, मी भाषांतर केलं, तो परत ओरडला, मी परत केलं. दुसऱ्या नावा पुढच्या गावात कामाला लागल्या होत्या, कुऱ्हाडींचा आवाज येत होता. तिथे कुणी कुणाला विचारत नव्हतं, आणि ऐक, हे महत्त्वाचं आहे: तिथे निम्मी झाडं वाचली. लोक पळाले, शिपाई ओढ्यापर्यंत गेले, दमले, परत आले. रानातली झाडं कुणाला दिसलीच नाहीत. आमचा सुकाणूवाला, म्हातारा लोरेन्सो, तो मात्र विचारी माणूस. तो म्हणाला, मास्तर, फुकट घेतलं तर पाप आहे. मागून घेतलं तर नाही. तू तिथल्या ओसरीवर वाढलास, तू जा आणि माग.

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला, की सगळ्या ताफ्यात एकटे आम्ही रीत पाळणारे. मी अंगरखा झटकला, केस ओले करून बसवले आणि तुमच्या घरी गेलो.

इद्रिस जाळं दुरुस्त करत होता. त्याला सगळं माहीत होतं. बायका-पोरं रात्रीच डोंगरात गेली होती, जैना तेवढी हट्टानं थांबली होती. माझ्याकडे बघून तो हसला. बहुतेक त्याला वाटलं मी त्याला वाचवायला आलोय. मी म्हणालो, “भाऊ, तुझ्या गावची लवंगेची झाडं दे.” त्यानं जाळं खाली ठेवलं. “किती?” आता बघ, रबिया, इथे मला दुसरं काहीही म्हणता आलं असतं. किनाऱ्याजवळची, असं म्हटलं असतं तरी सार्जंट खूश होऊन परत गेला असता. त्याला संध्याकाळपर्यंत ढीग दाखवायचा होता, बस. पण हुकुमात जे होतं तेच मी बोललो. दिवसभर भाषांतर करत होतो, ती सवय. “सगळी,” मी म्हणालो. त्यानं चुलीत लाकडं सारली. मग म्हणाला, “बसा. आधी जेवा.”

चाळीस माणसांना जेवू घातलं त्यानं. सागोची गरम पेज, भाजलेला मासा, लिंबू-मिरचीचं पाणी. घरात बाई नव्हती, स्वतःच ढवळत होता, पेज थोडी लागली होती. मी दोन वाडगे खाल्ले. इतर काय खात होते ते मी पाहिलं नाही. मग तो उठला आणि आम्हाला घेऊन गेला. किनाऱ्याजवळची दाखवली, मशिदीमागची दाखवली, आणि मग झऱ्यापलीकडच्या घळीत घेऊन गेला. ती घळ तुला आठवत असेल. शंभर वर्षं शोधली असती तरी सार्जंटला सापडली नसती. मला सापडली नसती. तुझ्या आजोबांची झाडं ती. मागणाऱ्यानं सगळी म्हटलं होतं, म्हणून देणाऱ्यानं सगळी दिली. सार्जंट तोंड उघडं टाकून बघत होता. इतका आज्ञाधारक माणूस त्यानं या बेटांवर पाहिला नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर इद्रिसच्या खांद्यावर निळ्या कापडाचा एक तुकडा टाकला, बक्षीस म्हणून. इद्रिसनं तो कुंपणावर ठेवला आणि पुढे गेला. पण डोंगरावरून बघणाऱ्यांना कुंपण दिसलं नाही. खांदा दिसला. तुझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच.

शेवटचं झाड घरामागचं. जैनाचं. ती जन्मली त्या दिवशी लावलेलं. खड्ड्यात नारळाचं पाणी मीच ओतलं होतं. अजून कळी धरली नव्हती, कंपनीला त्याचा काही तोटा नव्हता. इद्रिस त्याच्याजवळ थांबला आणि कुणाचं आहे ते बोलला नाही. देणाऱ्याला कमी करता येत नाही. मागणाऱ्याला येतं. हे सोडा, एवढं मला म्हणायचं होतं. आमचे लोक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं नाही. का, ते मी गेली दोन वर्षं शोधतोय. भीती होती म्हणावं तर सार्जंट तेव्हा बूट काढून तळवा खाजवत बसला होता. मला काही वाटलंच नाही, असं आहे ते. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही फारसं नाही. झाड मनगटाएवढं होतं, दोन घावांत गेलं. जैना दारात बसून सगळं बघत होती.

नंतरचं तुला माहीत आहे. पुढच्या वर्षी कंपनीनं अख्खं लुहुसाला उठवून इकडे आणलं, किल्ल्याच्या बाजूला, जिथे ना बाग ना घळ. तिथे तुमच्या लोकांनी इद्रिसशी बोलणं टाकलं. नावेत घेत नसत. पाणी भरायला गेला तर बाया हंडे उचलून बाजूला होत. जैनाला पोरं म्हणत, हिला झाड नाही, ही वाऱ्यावरची आहे. आणि या सगळ्यात तो एकदाही म्हणाला नाही की माझ्याकडे बाल्ताझारनं मागितलं होतं. मी महिन्यातून एकदा जायचो, सागो घेऊन. आम्ही माशांबद्दल बोलायचो. त्याला इथला समुद्र आवडत नव्हता. त्याच्या मयतीला आम्ही नऊ माणसं होतो, त्यातली सहा आमच्या गावची. तुमच्या इमामानं नमाज पढला, घाईनं, पण पढला.

गेल्या शुक्रवारी मी तिथे गेलो आणि मशिदीबाहेर उभा राहून हे सगळं त्या लोकांना सांगितलं. मोठ्यानं वाचून दाखवायची सवय आहे, त्यामुळे आवाज नीट निघाला. एक म्हातारी जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “मग तेव्हा कुठे होतास रे मास्तर?” मी म्हणालो, इथेच. ती म्हणाली, “हं.” आणि गेली. त्या हंपेक्षा मोठी शिक्षा होईल असं मला वाटलं होतं. नाही झाली.

आता तू म्हणशील, याला जैनाला माझ्या गळ्यात घालायचंय. मी मागत नाही. नीट वाच: मागत नाही. तू लग्न होऊन कुठेही गेलीस तरी शपथेच्या गावची आहेस. मी “हिला ने” एवढं म्हटलं तर तुला नाही म्हणता येणार नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे मागणं म्हणजे काय असतं ते मी एकदा पाहिलंय. म्हणून फक्त माहिती देतो. हातिब पौर्णिमेला परत येतो. परत जाताना त्याच्या टोपल्या रिकाम्या असतात. जैना समुद्राला भीत नाही, जेवणाची तक्रार करत नाही, उलट उत्तरं देते. तू काहीच कळवलं नाहीस तर तिचा बाप्तिस्मा होईल, पाद्री तिला कुठलंतरी मारिया-बिरिया नाव देतील, आणि ती आमच्या घरी राहील. किल्ल्यात जाऊ देणार नाही, एवढं कोर्नेलियानं पाद्र्यांच्या तोंडावर सांगितलंय. घरात आम्ही तिला जैनाच म्हणू. तुला नाही म्हणायचं असेल तर ते तुझं म्हण. शपथेचं भय धरू नकोस, कारण मी मागितलेलं नाही.

आणि हे पत्र खरं म्हणजे माझं नाहीच. इद्रिसनं ते सांगितलं होतं, तापात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. “बहिणीला दोन ओळी लिहून दे,” म्हणाला, “मला कुठे अक्षर येतं.” मी म्हणालो, सगळं लिहितो, मी मागितलं तेही. तो उठून बसला. “ते नको. ते लिहू नकोस. माझ्यावर रागावली तर एका माणसावर रागावेल. शपथेवर रागावली तर मग तिला तुमचं गावही नाही आणि आमचंही नाही.” मी हो म्हणालो. घरी आलो आणि सात महिने लिहिलं नाही, कारण त्याच्या सांगण्यासारखं लिहिलं असतं तर ते पत्र खोटं झालं असतं, आणि खरं लिहायचं तर त्याला नाही म्हणावं लागत होतं. आपल्या दोन गावांत आजवर कुणी कुणाला नाही म्हटलेलं नाही. आज मी म्हटलं. त्यानं दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक मोडली, दुसरी ही पुरी करतो. त्यानं सांगितलेल्या ओळी, त्याच्याच शब्दांत, एवढ्याच आहेत: “रबिया, मी बरा आहे. इथल्या माशांना चव नाही. जैनाचे पुढचे दोन दात पडले, नवे येताहेत. वारा चांगला असेल तेव्हा येऊन जा.”

तुझाच, शपथेनं झालेला भाऊ,
बाल्ताझार